मगरीच्या तळ्यावर भावोजींबरोबर

बडोद्याला जाणारी माणसं राजवाडा बघतात, संग्रहालय बघतात, साड्या घेतात आणि परत येतात. मी या खेपेला यातलं काहीच केलं नाही. तीन दिवसांत मी फक्त एक तळं बघितलं, आणि घरी परत येऊन पंधरा दिवस झाले तरी शिलाई मशीनवर बसलं की तेच डोळ्यांसमोर येतं. मैत्रिणी विचारतात, काय काय बघितलंस? म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

बोलावणं ताईचं होतं. माझी मोठी बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला तीस वर्षं झाली. भावोजींचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. घोडी गेली, संस्थान गेलं, घरात मिशा आणि मटण-मासळीची आवड तेवढी राहिली. भावोजी एका कारखान्यात फोरमन होते. सहा दिवस कारखाना आणि रविवारी गळ टाकून तळ्याकाठी बसणं, असा त्यांचा जन्म गेला. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. पुढे काठी घेऊन चालायला लागले, तुटक बोलायलाही लागले, पण उजवा हात मनगटापासून लोंबतच राहिला. मुलगा कॅनडात. घरात दोघंच.

"नंदे, परवा हे मला न सांगता रिक्षा करून तळ्यावर गेले," ताई फोनवर सांगत होती. "काठाच्या उतारावर पडले. गावातल्या माणसाने उचलून घरी आणून सोडलं. आता मी दाराला आतून कुलूप लावते. पण असं किती दिवस चालशे?"

ताईच्या मराठीत आता असं गुजराती कुठेही उगवतं. भाजीला ती शाक म्हणते आणि चपातीला रोटली. तिच्या आवाजातली भीती मात्र माहेरचीच होती.

"तू ये. तुला मासे कळतात. एकदा तू यांना घेऊन जा. नीट गेले, नीट आले, तर जाऊ देत दर रविवारी, मी आडवी येणार नाही. पण जरा जरी काही वाकडं झालं ना, तर ते सगळे गळ मी पुतण्याला देऊन टाकणार. मग या घरात माशांचं नाव नाही काढायचं."

"भावोजींना सांगितलंस हे?"

"सांगितलं ने. ते म्हणाले, नंदाला बोलाव."

मला मासे कळतात हे खरं आहे. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवर मी आठ वर्षांची असल्यापासून गरवते. गळाने मासे धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. मी बायकांचे ब्लाउज शिवते आणि भरती-ओहोटी बघून दुकान उघडते. गिऱ्हाइकं चिडतात, पण शिवण बरी आहे म्हणून परत येतात. भावोजींची आणि माझी गट्टी जमली ती या गरवण्यामुळेच. तेव्हा त्यांनी माझं नाव घेतलं याचा मला अभिमान वाटला. इतका वाटला, की त्या नादात पुढे जे घडलं ते घडलं.

सयाजीगंज

गाडी सकाळी पोचली. एरवी भावोजी थेट डब्याच्या दाराशी येऊन माझी बॅग हिसकावून घ्यायचे. या वेळी ते बाहेर गाडीत बसले होते, पट्टा लावून. ताई गाडी चालवत होती. मी खिडकीशी गेले तर त्यांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "आलीस." एवढंच.

बडोद्याला उतरलं की सेव उसळ खायची हा आमचा नेम. पातळ उसळ, वर मूठभर शेव, कांद्याची पात आणि शेजारी वाटीत लाल तरी. कोकणातल्या माणसाला ही उसळ पाणचट वाटते, मग तरी ओतली की कान गरम होतात आणि मत बदलतं. सयाजीगंजातल्या त्या टपरीवर कॉलेजची पोरं गर्दी करून उभी होती. ताईने भावोजींना बाकावर बसवलं, त्यांच्या छातीवर रुमाल पसरला, पाव तोडून तुकडे उसळीत बुडवले आणि टपरीवाल्याला सांगितलं, "भाई, आमने तरी नथी आपवानी." तरीची वाटी त्यांच्यापुढून माझ्याकडे आली. भावोजी वाटीकडे बघत राहिले. मी माझ्या बशीत बघितलं.

ताईला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. आठ महिने तिने एकटीने हे सगळं ओढलं होतं. तिच्या हाताची नखं झिजून बोटाच्या आत गेली होती, इतकी ती काळजीने कुरतडत असावी.

त्यांचा फ्लॅट वासण्याला आहे. सोसायटी सगळी शाकाहारी. ताईकडे मासे शिजायचे ते खिडक्या बंद करून, पंखा लावून, मागून धूप फिरवून. आमच्याकडे बांगडा भाजला तर वास चार घरांत गेला पाहिजे, नाहीतर खाल्ल्याचं समाधान कसलं! आठ महिन्यांत ताईने मासा घरात आणलाच नव्हता. धुपाचा पुडा तसाच बांधलेला होता.

दुपारी भावोजींनी मला खूण करून कपाटातली लांब पेटी काढायला लावली. पाच गळ, तीन रिळं, मोराच्या पिसाच्या काड्यांचे तरंगते बोये. सगळं पुसलेलं, तेल घातलेलं. एका हाताने हे त्यांनी कधी केलं, कुणास ठाऊक.

"उद्या चारा," ते म्हणाले. "परवा... तळं."

ताई दारात उभी होती. तिने पेटीकडे असं बघितलं की जणू पेटीच आजारी पाडणारी होती.

घडियाळी पोळ

चारा म्हणजे माशांना बोलावण्यासाठी पाण्यात टाकायचा सुगंधी गोळा. आमच्या खाडीत कोळंबीचा तुकडा गळाला लावला की काम झालं. तळ्यातल्या रोहूचे नखरे फार. भावोजींनी मला कितीदा तरी शिकवलं होतं: रोहू-कटल्याच्या जातीला तोंडात दातच नसतात, असतात ते घशात. आणि आपल्यासारखी अन्न साठवायची पिशवी, म्हणजे पोट, तेही नसतं. म्हणून ते एकदम हादडत नाहीत, दिवसभर थोडं थोडं टिपतात. कटला वर खातो, रोहू मधे, मृगळ तळाशी. ज्याला बोलवायचं त्याच्या मजल्यावर पान वाढायचं, असं ते म्हणायचे. तेव्हा अख्खी वाक्यं बोलायचे.

चाऱ्याचा मसाला घडियाळी पोळातल्या एका जुन्या दुकानात मिळतो; पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली. काष्ठौषधींचं दुकान, छतापर्यंत डबे. मालक जैन. मासे धरायला हवंय म्हटलं तर तो दुकानातून हाकलून देईल, म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षं भावोजी ते सामान 'उटण्यासाठी' घेतात. नागरमोथा, कपूरकाचरी, वेखंड, मेथी. ताई गाडीत थांबली, मी त्यांच्या मागे मागे चालले. पोळाची फरशी उंच-सखल, स्कूटर अंगावरून जातात. मी दोनदा त्यांचं कोपर धरलं, दोनदा त्यांनी सोडवून घेतलं.

"केटला वखते आव्या!" किती दिवसांनी आलात, म्हणत मालक उठून उभा राहिला. भावोजींची काठी बघून त्याचा चेहरा उतरला. मग त्याने विचारलं, "उटणुं?"

भावोजींनी डाव्या हाताची बोटं दाखवली. याचं एवढं, त्याचं तेवढं. मालकाने नागरमोथा जास्त टाकला तर त्यांनी तराजूवर बोट ठेवून तो कमी करायला लावला. उचलून हुंगला आणि परत दिला, जुना आहे म्हणून. दुसरा डबा काढायला लावला. मी हे बघत होते आणि माझ्या मनात आलं, हा माणूस घरात पाणी मागताना असा दिसत नाही.

पुड्या बांधता बांधता मालक मला हळूच म्हणाला, "बेन, तळावे संभाळजो." म्हणजे त्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं!

तळं

गावाचं नाव मी सांगणार नाही. भावोजींनी तशी शपथ घातलीय, आणि गरवणारी माणसं आपली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. शहरापासून तासाभराच्या आत आहे एवढं पुरे. तळ्याचा ठेका ज्याच्याकडे आहे, त्याची भावोजींना पहिल्यापासून परवानगी आहे.

निघताना ताईने माझ्या हातात लोखंडी घडीची खुर्ची दिली आणि एक सुती ओढणी.

"खुर्चीवर बसवलंस की यांना कमरेला बांध. हे पुढे झुकतात आणि पडतात. मागच्या वेळी तसेच पडले. बांधशील ने?"

"बांधते."

भावोजी जिन्याचा कठडा धरून उभे होते. त्यांनी ऐकलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

गाडी मी चालवली. फेब्रुवारीचा शेवट, सकाळी थंडी आणि दहानंतर ऊन. तंबाखूची शेतं, एरंडाची शेतं. भावोजी खिडकीतून बघत होते आणि डावा हात गुडघ्यावर ताल धरत होता. मी मात्र स्टिअरिंग घट्ट धरून होते. आज काही झालं तर ताईचं एक वेळ रडणं परवडेल, पण या माणसाचे रविवार जातील, आणि ते माझ्या हातून जातील, हे मला विसरता येत नव्हतं.

तळ्याच्या काठावर मोठी पाटी होती: 'मगरथी सावधान'. पाटीच्या खाली एक म्हातारा विडी ओढत बसला होता. तळ्याची राखण करणारे रमणकाका. मागच्या महिन्यात भावोजींना उचलून घरी पोचवणारे तेच. ते उठून भावोजींच्या गळ्यातच पडले. मग माझ्याकडे वळून त्यांनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

"जुओ बेन. सूतो छे."

पलीकडे मातीच्या उतारावर मला एक ओंडका दिसला. बघता बघता ओंडक्याने जबडा उघडला आणि तसाच उघडा ठेवला. माणसाच्या दीडपट लांब मगर. त्याच काठावर, थोड्या अंतरावर, दोन बायका काट्याचं कुंपण घातलेल्या धोब्याच्या घाटावर कपडे आपटत होत्या. एकीने मगरीकडे बघितलंसुद्धा नाही.

"ती काही करत नाही?" मी घाबरून विचारलं.

"ए तो खोडियार मानी सवारी छे," रमणकाका म्हणाले. देवीचं वाहन. "अमे एने ना छेडीए, ए अमने ना छेडे. पण पाणीथी पंदर डगलां छेटे बेसजो."

आमच्याकडे देवीचं वाहन देवळात दगडाचं असतं. इथे ते तळ्यात पोहतं आणि लोक त्याच्याशेजारी कपडे धुतात. मी मोजून पंधरा पावलं मागे, बाभळीच्या अलीकडे खुर्ची मांडली. मग भीतीने आणखी तीन पावलं घेतली. भावोजी बसले. मी ओढणी काढली.

"नको," ते म्हणाले.

"ताईला शब्द दिलाय, भावोजी."

"नंदा. नको."

"पाच मिनिटांत सवय होईल." असं म्हणून मी त्यांना कमरेपाशी खुर्चीच्या पाठीला बांधलं. शिवणकाम करणाऱ्या बाईची गाठ ती, दातांनीही सुटत नाही.  त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बोटभर सुरी असते, गळाची दोरी कापायला. ती मुठीत धरून ते पाण्याकडे बघत राहिले.

गळ मी फेकला. चाऱ्याचे गोळे मी टाकले, लांबूनच. गळाची काठी त्यांच्यापुढे बेचक्यावर ठेवली. मग वाट बघणं सुरू झालं. मी उठून गाडीकडे निघाले तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. पाय वाजवू नकोस. मला आठवलं: या जातीच्या माशांच्या शरीरातल्या हवेच्या फुग्यापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, फुग्यावरची थरथर कानात पोचते. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिला पाण्याचा हलकासा धक्काही कळतो. काठावर चप्पल आपटली की तळ्यात निरोप पोचलाच. मी चप्पल काढून चालले. पण पलीकडे उघड्या जबड्याने पडलेल्या बाईसाहेबांच्या जबड्यावरही तसेच बारीक ठिपके असतात आणि त्यांनाही पाण्यातली थरथर कळते, हे मला रमणकाकांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

साडेदहाच्या सुमारास बोया एकदा हलला. मग आडवा झाला. मग हळूच पाण्याखाली गेला.

भावोजींनी डाव्या हाताने काठी उचलली ती अशी झटक्यात, की मी दचकले. काठी वाकली. त्यांनी बुंधा दोन मांड्यांमध्ये दाबून धरला आणि त्याच डाव्या हाताने रीळ फिरवायला लागले. मासा पळाला की हात काढून त्याला दोरी घेऊ द्यायचे, थांबला की परत गुंडाळायचे. मी मदतीला हात पुढे केला.

"हात... नको लावू."

दहा मिनिटांनी रोहू काठाला आला. दोन किलोचा तरी असेल, खवल्यांच्या कडांना तांबूस झाक. पलीकडच्या मगरीवर नजर ठेवून मी तो जाळीने झटकन उचलला. भावोजी हसत होते. उजवा गाल हसत नव्हता, डावा दोघांचंही हसत होता. मला रडू आलं आणि मी ते रोहूवर काढलं, म्हणजे त्याला बघून "काय देखणा, काय देखणा" असं ओरडत सुटले.

इथे मी ती चूक केली.

भावोजी मासा ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवतात. आल्या आल्या त्यांनी मला हातपंपावर पोतं भिजवायला लावलं होतं. पण मला वाटलं, इतका सुंदर मासा पोत्यात गुदमरून मारायचा? आमच्याकडे मासा जिवंत ठेवतात. कल्ल्यातून दोरी ओवायची किंवा जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडायचा, आणि दोरीचं दुसरं टोक ज्याने धरला त्याच्या कमरेला. मासा धरणाऱ्याच्या अंगावरच राहिला पाहिजे, नाहीतर भरती नेते, नाहीतर कुत्रं. हा नेम मी वडिलांकडून शिकले आणि आजवर मोडला नाही. मी माझी पिशवी रत्नागिरीहून मुद्दाम आणली होती. रोहू तिच्यात घातला, गाडीतली निळी नायलॉनची लांब दोरी बांधली, पाण्यापासून लांब उभी राहून पिशवी उथळात भिरकावली, आणि दुसरं टोक खुर्चीच्या पुढच्या पायाला पक्कं बांधलं. माणूस पाण्यापासून अठरा पावलं लांब आहे, मग झालं, असा माझा हिशेब. भावोजींचं लक्ष नव्हतं. मी परत फेकलेल्या गळाचा बोया हलत होता.

मी थर्मास आणायला बाभळीकडे गेले. चहा ओतताना सहज पलीकडे बघितलं. काठ रिकामा होता. ऊन वाढलंय, गेली असेल पाण्यात, असं मनात आलं आणि मी साखर ढवळली.

मग खुर्ची करकरली.

वळून बघते तर निळी दोरी तारेसारखी ताठ, आणि भावोजी खुर्चीसकट पुढे सरकताहेत. पाण्यात पिशवीच्या जागी फक्त एक भोवरा. मी कप टाकला आणि धावले. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून मागे ओढली. माझी टाच मातीत रुतली. पलीकडून ओढ आली ती अशी, की माझे खांदे निखळतात की काय असं झालं. खुर्चीचे पुढचे पाय हवेत उचलले गेले, भावोजी पाठीवर कलंडले, ओढणी त्यांच्या पोटात रुतली. दोरी खाली, त्यांच्या पायांच्याही खाली, हाताच्या टप्प्याबाहेर. त्यांच्या डाव्या हातात सुरी होती. ती हवेत फिरत होती आणि दोरीपर्यंत पोचत नव्हती.

"सोड," ते म्हणाले.

मी आणखी घट्ट धरलं. आम्ही दोघं पाऊलभर पुढे गेलो.

"नंदा. खुर्ची सोड."

"नाही सोडणार! रमणकाका! अहो रमणकाका!"

"सोड!"

त्या आवाजाला मी घाबरले. ज्या माणसाला वाचवायचंय त्याला मगरीच्या दिशेने सोडून द्यायचं? माझी बोटं ऐकत नव्हती. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, माझ्यावरचा वैताग होता, कारखान्यात चुकीचं बटण दाबणाऱ्या माणसावर असावा तसा. मी हात सोडले.

खुर्ची धाडकन चारी पायांवर आली आणि सरसर उताराला लागली. एक पाऊल, तीन, सहा, दहा. भावोजी डावीकडे वाकले, बांधलेले असूनही गुडघ्यापर्यंत वाकले, आणि सुरी दोरीवर ठेवून एकदा ओढली. दोरी सट्कन तुटली आणि सापासारखी पाण्यात गेली. खुर्ची तिथेच कलती होऊन थांबली. पाणी तिच्यापासून पाच पावलांवर होतं.

मी त्यांच्यामागे मातीत बसले.  आधी त्यांनी सुरी म्यानात घातली. मग मागे बघून विचारलं, "लागलं का... तुला?"

रमणकाका काठी घेऊन धावत आले. दोघांनी मिळून खुर्ची बाभळीपर्यंत मागे ओढून आणली. खुर्चीला बांधलेलं दोरीचं टोक बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "बेन! पाणीमां जीवती माछली बांधी? तमे तो एने थाळी पीरसी!"

खरंच, मी ताट वाढलं होतं, आणि ताटाला भावोजींना बांधून ठेवलं होतं. ओढणीची गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. शेवटी तीही त्यांनीच सुरीने कापली.

परत वासण्याला

येताना मी नजर रस्त्यावरच ठेवली. मला तोंडाने माफीही मागता येईना. शहर जवळ आल्यावर भावोजी म्हणाले, "ताईला... नको सांगू."

ते का, हे विचारायची गरज नव्हती. सांगितलं तर गळ जाणार. मी मान हलवली. त्यांच्या रविवारांसाठी आयुष्यभर खोटं बोलायची माझी तयारी होती.

पण ताईच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती बाहेर खुर्ची धुवायला गेली आणि हातात ओढणीचे दोन तुकडे घेऊन आत आली.

"खुर्चीचा पाय वाकलाय. ओढणी फाटलीय. काय झालं?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी भावोजी बोलले.

"मी... पडलो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मगरीचं सांगायचं नाही हे मला कळत होतं. पण पडलो म्हणजे संपलंच की सगळं! ताईच्या अटीप्रमाणे त्याच क्षणी गळ पुतण्याच्या घरी गेले. ते त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, आणि तरी ते शांतपणे ताटाकडे बघत होते. माझी चूक बहिणीपुढे उघडी पडू नये म्हणून त्यांनी आपले रविवार देऊन टाकले होते.

"मला वाटलंच होतं," ताई म्हणाली.  "बस. झालं आता. संध्याकाळी पुतण्याला फोन करते."

"पडले नाहीत ते," मी म्हणाले. "ताई, बस खाली."

मग मी सगळं सांगितलं. पिशवी, निळी दोरी, खुर्चीचा पाय, मगर. भावोजी दोनदा "नंदा" म्हणाले, मी थांबले नाही. ताईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"तू बांधलीस? जिवंत मासा, यांच्या खुर्चीला? डोकं फिरलंय तुझं?"

"हो."

"आणि ओढणी..."

"ती तू सांगितल्याप्रमाणे. ती नसती तर ते उठून बाजूला तरी झाले असते."

हे बोलायला नको होतं. ताईने हातातल्या तुकड्यांकडे बघितलं आणि ते जमिनीवर टाकले. 

"मग दोरी कापली कुणी?" तिने विचारलं.

"भावोजींनी. डाव्या हाताने. मी घाबरून खुर्ची मागे धरून ठेवली होती, त्यामुळे त्यांचा हात पोचत नव्हता. सोड सोड म्हणत होते, मी सोडेना. सोडली तेव्हा कापता आली."

ताई भावोजींकडे वळली. आता ती रडत होती आणि भांडतही होती. "एवढं करता येतं तुम्हाला? सुरी चालवता येते, मासा ओढता येतो? मग मी आठ महिने घास भरवत बसलेय ती कशाला? मला एकदा सांगायचं तरी!"

भावोजींनी मान वर केली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"रोज... तेच सांगतो. सोड."

ताई उठून आत गेली.  भावोजींनी डाव्या हाताने रोटली मोडली, डाळीत बुडवली आणि खायला लागले. थोडी डाळ शर्टावर सांडली. आतून ताईने ते बघितलं, कारण स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. पण ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्टेशनवर सोडलं.  गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "तू आपली खाडीतच गरव."

त्यानंतर आठवडाभर फोन नाही. मीही केला नाही, धीर झाला नाही. गेल्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. मागे चिमण्यांचा आवाज.

"कुठून बोलतेस?" मी विचारलं.

"तळ्यावरून. बाभळीखाली बसलेय." मग म्हणाली, "मी पाण्याकडे पाठ करून बसते. बघवत नाही मला."

"मग ते ठीक आहेत हे कसं कळतं तुला?"

"शिव्या ऐकू येतात ने," ताई म्हणाली. "मासा सुटला की देतात. आत्ताच एक दिली, अख्खी, न अडखळता."